बेतणं

अतिक्रमणवाले बोर्ड घेऊन गेले
तेव्हा भिंतीला चार भोकं राहिली.
ब्लाऊज, पिको-फॉल, अर्जंट.
दत्तवाडीत एकतीस वर्षं बसतेय,
बोर्ड नसला तरी बाया येतातच,
म्हणून भोकं तशीच राहू दिली.

चैत्रातली दुपार, वीज गेलेली.
उंबऱ्यात बसून काजं करत होते
तर ती आली,
आपल्याएवढीच हिरवी वळकटी पोटाशी धरून,
आणि वरच्या डाव्या भोकात शिरली.

हिरवं म्हणजे टिळेकरांच्या गुलाबाचं पान.
टिळेकर तिकडे अळी शोधत होते, फवारा भरत होते.
मी जाऊन पानं पाहिली.
एकावर गोल. दुसऱ्यावर लांबट.
अळी खाते.
हे कुणीतरी बेतलेलं होतं.

खडू नाही, टेप नाही, कागदी फर्मा नाही.
पानाची कड पायांत धरायची
आणि कापत कापत वळायचं,
स्वतःचं अंग हाच कंपास.
शेवटची शीर तुटायच्या आत पंख सुरू.
मी मनात आकडे मोजायचे,
दहाच्या आत ती उडालेली असायची.
मला कटोरीच्या एका तुकड्याला
अजून तीनदा माप लावावं लागतं.

जांभेकरांची उत्कर्षा कृषी कॉलेजात शिकते,
आईची साडी फॉलला घेऊन आली होती.
म्हणाली, मावशी, ही मधमाशीच,
पण एकटी. पोळं नाही, राणी नाही,
हाताखाली कुणी नाही.
लांबट तुकडे भिंतीला, गोल झाकणाला.
आत परागाचा लाडू, त्यावर एक अंडं,
झाकण. पुढं पुन्हा लाडू.
मुली मागच्या खोल्यांत, मुलगे दाराशी.
असं का गं?
मुलगे आधी बाहेर पडतात, मग घुटमळत राहतात जवळपास.
नाक्यावरच्यासारखे, मी म्हटलं. हसली.
आणि आई?
उत्कर्षानं साडीची घडी उगाच परत घातली.
आई नसते तोवर, मावशी.

जिवावर बेतलं, असं आपण म्हणतो.
तो शब्द त्या दिवशी
मला कात्रीच्या आवाजात ऐकू आला.

पुढचे आठ-दहा दिवस ती येत होती,
कधी पान घेऊन, कधी नुसतीच,
बेसन चाळून आल्यासारखं पोट पिवळं.
रात्री टॉर्च मारला तर भोकात तोंड दिसायचं.
पंखांच्या कडा उसवत चालल्या होत्या.
त्या शिवायला माझ्याकडे दोरा नव्हता.
मग एका सकाळी भोकाच्या तोंडाशी
हिरव्या चकत्या, एकीवर एक, घट्ट.
त्यानंतर ती दिसली नाही.
दुसरीकडे गेली असेल.
माझ्या केरात गेली असेल, तरी कळलं नसतं,
चिंध्यांचे कपटे असतातच रोज.

लोक म्हणतील, तूही एकटीच की.
नाही. मला भाडं आहे, बहीण आहे कात्रजला,
गिऱ्हाइकं उधारी ठेवतात, भांडतात, परत येतात.
तिला तसलं काही नव्हतं.

मे महिन्यात इमारतीचा रंग निघाला.
बिराजदार पुट्टीची पाटी घेऊन शिडीवर चढला,
तीन भोकं बुजवली. चौथ्यापाशी मी म्हटलं, थांब.
ताई, एवढंच का सोडायचं?
कुणाचं तरी काम आहे तिथं, म्हटलं, डिलिव्हरी बाकी आहे.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, पानाच्या वाळक्या बुचाकडे पाहिलं,
कानामागची पेन्सिल काढून भोवती गोल मारला
आणि गोलाबाहेर रंग दिला.
सगळी भिंत मलईची, मध्ये
रुपयाएवढा जुना निळा.

काल त्या बुचाला भोक पडलं,
वाकडंतिकडं, कुरतडलेलं.
मुलगाच असणार. कापायला कोण शिकवणार त्याला?
कडेवर बसून पाय पुसले,
आणि रस्त्याच्या बाजूनं गेला,
मागं वळून बघायची पद्धत नसावी त्यांच्यात.

मागच्या खोल्या अजून बंद आहेत.
मी शटर सावकाश ओढते हल्ली, धक्का नको.
टिळेकरांना सांगितलंय,
फवारा थोडे दिवस राहू द्या.
ते म्हणाले, बघू.